ड्रॉवरभर विचित्र गॅजेट्स नऊ दिवसांत जुनी होतात, मग भिंतीवरच्या मेंढीचा कंटाळा का येत नाही?

ड्रॉवरवाला

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मला चमत्कारिक वस्तूंचा नाद आहे. कामाची वस्तू घ्यायची असेल तर महिनाभर रिव्ह्यू वाचत बसतो पण बिनकामाची दिसली की बोट आपोआप ऑर्डरच्या बटणावर. घरात एक ड्रॉवर आहे, घरचे त्याला म्युझियम म्हणतात, कौतुकाने नाही. त्यात हवेत तरंगणारा बल्ब आहे, म्हणजे खाली लाकडी ठोकळा आणि वर बल्ब नुसता अधांतरी फिरत राहतो, तो लाईट गेली की धाडकन पडतो आणि परत तरंगवायला मला अर्धा तास लागतो म्हणून शेवटी ड्रॉवरमध्ये टाकला. टेबलावरचा कचरा ओढणारा छोटा व्हॅक्यूम आहे, तो कचरा ओढत नाही, इकडचा तिकडे नेतो. अलार्म वाजला की टेबलावरून उडी मारून पळत सुटणारं चाकांचं घड्याळ आहे, त्याचं तर असं झालं की चौथ्या दिवसापासून मी झोपायच्या आधी त्याच्याभोवती पुस्तकांचं कुंपण घालायला लागलो. पळणारं घड्याळ मुद्दाम घ्यायचं आणि मग त्याला पळू द्यायचं नाही. आणि सगळ्यात लाडकं ते खोकं, ज्याचं बटण ऑन केलं की झाकण उघडतं, आतून एक बोट येतं, बटण ऑफ करतं आणि गुपचूप आत जातं. बास, एवढंच. पहिल्या आठवड्यात घरी येईल त्याला दाखवलं, मग सेल संपले ते आजतागायत बदललेले नाहीत.

आता दुसरीकडे बघा. माझ्या रोजच्या रस्त्यावर एक भिंत आहे, गिलावा उडालेली. त्या उडालेल्या डागाला कुणीतरी चार काड्यांचे पाय काढले आणि एक डोळा. झाली मेंढी. पाच मिनिटांचं काम असेल. दीड वर्ष झालं, मी ती रोज बघतो आणि रोज थोडंसं हसू येतंच. मध्ये आणखी गिलावा उडाला तर मेंढी जाड झाली, मला इतका उगाच आनंद झाला की घरी येऊन सांगितलं.

तर विचारायचं हे की पैसे मोजून आणलेल्या गमतीचे नव्याचे नऊ दिवस आणि फुकटची मेंढी दीड वर्ष टिकते, हे काय आहे? फॉल्ट माझ्यात आहे का वस्तूंमध्ये? आणि कंटाळा न येणारं गॅजेट खरंच असतं का? असेल तर सांगा, ड्रॉवरमध्ये अजून थोडी जागा आहे.

रिकामा_न्हावी

आयडीला जागून आधी भिंतीबद्दल बोलतो, तुंबड्या लावायचं कामच आहे आपलं.

भाऊ, तुझी मेंढी ज्याने काढली त्याने चित्र असं काढलंच नाही, त्याला फक्त आधी दिसली. मेंढी तिथे होतीच, गिलावा पडला तेव्हापासून. आता रोज जाताना तुझा डोळा तेच काम परत करतो, डाग दिसतो, मग मेंढी दिसते, मग परत डाग. खोक्यातलं बोट मात्र तू असलास नसलास तरी तेवढंच वर येणार. मला वाटतं फरक तिथे आहे.

अशी कामं करणाऱ्यांची एक आख्खी जमात आहे. फ्रान्समध्ये ओकओक नावाने एकजण करतो, भिंतीची भेग, रेलिंगची सावली, फुटकी पायरी, जे असेल त्याला दोन रेघा जोडून काहीतरी जिवंत करून सोडतो. फ्लॉरेन्समध्ये क्ले अब्राहम आहे, तो रस्त्यावरच्या पाट्यांवर निघू शकणारे स्टिकर लावतो, प्रवेशबंदीच्या लाल गोलातली ती पांढरी आडवी पट्टी आहे ना, ती एक काळा माणूस उचलून घेऊन चाललाय असं त्याचं प्रसिद्ध आहे. पाटी वाचता येतेच, पण एकदा तो माणूस दिसला की नंतर साध्या पाटीतही तोच शोधतो आपण. यान फोरमान नावाच्या कलाकाराने २००७ मध्ये इटलीतल्या बोकिन्यानो नावाच्या जुन्या गावात भिंतींच्या फटी लेगोच्या रंगीत ठोकळ्यांनी बुजवायला सुरुवात केली आणि मग ते लोण इतकं पसरलं की जगभर लोक आपापल्या फुटक्या भिंतींत लेगो बसवायला लागले. दुरुस्ती म्हणून बघितलं तर शून्य. पण जाता येता फट दिसायची नाही ती दिसायला लागते.

माझा सगळ्यात आवडता लंडनचा बेन विल्सन. फुटपाथवर लोकांनी थुंकलेलं आणि पायाखाली चपटं झालेलं च्युइंगगम असतं ना, त्याच्यावर तो चित्रं काढतो. रस्त्यावर आडवा पडून, आधी गम तापवून, मग रंग, वर लॅकर. चित्र नाण्याएवढं. मिलेनियम ब्रिजवर तर त्याने अशी कितीतरी काढली, हजारो लोक त्यांच्यावर पाय देऊन जायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. आणि त्याचा युक्तिवाद बघ, मी पुलावर रंगवतच नाही, गमवर रंगवतो, आणि गम काही सरकारने टाकलेलं नाही. बिनतोड की नाही?

गॅजेटवाल्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, ते दुसरं कुणी द्या.

सोल्डरिंगवाली

मी देते. आधी तो बल्ब ड्रॉवरमधून काढ रे, त्याचा काही दोष नाही.

नुसत्या कायमच्या चुंबकांवर वस्तू अधांतरी स्थिर राहूच शकत नाही, हे अर्नशॉ नावाच्या गणितज्ञाने १८४२ मध्येच गणिताने दाखवून ठेवलंय, जरा इकडे तिकडे सरकली की एक तर चिकटते नाहीतर उडून पडते. मग तुझा बल्ब कसा राहतो? तर तुझ्या ठोकळ्यात चुंबकाबरोबर चार कॉइल असतील आणि मध्ये हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकाचा जोर ओळखणारा. बल्ब केसभर सरकला की सेन्सरला कळतं, त्या बाजूच्या कॉइलचा करंट बदलतो आणि बल्ब ढकलून परत मध्ये आणला जातो, हे सेकंदाला कित्येक वेळा चालू असतं. म्हणजे तो तरंगत नाहीये, सतत पडतोय आणि सतत सावरला जातोय. हे कळल्यापासून माझ्या टेबलावरचा बल्ब मी जास्त आदराने बघते. ठोकळा लोखंडी कपाटावर ठेवला असशील तर काढ, जागा सपाट बघ, आणि बल्ब वरून सरळ खाली आणायचा, बोटांना खालून ढकलल्यासारखं लागेल, नेमक्या मध्यावर आला की ओढाताण एकदम थांबते, तिथे हात सोड. दोन दिवसांत जमेल. लाईट गेल्यावर पडणार हे मात्र आहेच, त्याला इलाज नाही.

ते खोकं. त्याचं खानदान फार मोठं आहे, तुला माहीत नसेल. ही कल्पना मार्विन मिन्स्कीची, कृत्रिम बुद्धिमत्तेतलं बडं प्रस्थ, पण १९५२ मध्ये बेल लॅब्समध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, उन्हाळ्यापुरता आलेला तरुण पोरगा होता तो. आणि खोकं प्रत्यक्षात बनवलं कुणी तर क्लॉड शॅननने, ज्याच्या इन्फर्मेशन थिअरीवर आपले फोन आणि इंटरनेट उभे आहेत. त्याने ते आपल्या टेबलावर ठेवलं होतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आर्थर क्लार्कने ते बघितलं आणि तो चांगलाच अस्वस्थ झाला, तसं त्याने लिहूनही ठेवलंय. स्वतःला बंद करणं एवढंच ज्याचं काम असं मशीन, विचार केला तर अंगावर काटा येतोच. तू सेल बदलले नाहीस हे वाचून वाईट वाटलं.

आता कंटाळा न येणारं गॅजेट. माझं उत्तर, पाणी पिणारा काचेचा पक्षी. टोपी घातलेला, वाकून ग्लासात चोच बुडवतो आणि परत उभा राहतो तो. लोक त्याला खेळणं समजतात पण ते चक्क उष्णतेवर चालणारं इंजिन आहे, ना सेल, ना चावी. आत डायक्लोरोमिथेन नावाचं द्रव भरलेलं असतं, ते ४० अंशाच्या आसपास उकळतं म्हणून खोलीच्या तापमानालाही त्याची भरपूर वाफ होते. डोक्यावरचं ओलं फेल्ट वाळताना डोकं गार होतं, वरची वाफ विरते, दाब कमी होतो आणि खालचा द्रव नळीतून वर चढतो. डोकं जड झालं की पक्षी वाकतो, वाकला की नळीचं खालचं तोंड उघडं पडतं, वाफ सरकते, द्रव परत खाली, पक्षी उभा. चोच मात्र भिजलेली, म्हणून चक्र चालूच. पेटंट माइल्स सलिव्हनने १९४६ मध्ये मिळवलं, तोही बेल लॅब्सचाच माणूस, त्या इमारतीत काय वातावरण असेल कल्पना कर.

माझ्याकडे तो ६ वर्षं आहे आणि कंटाळा का येत नाही तर तो रोज सारखा वागत नाही. हवा कोरडी असली की भराभर वाकतो, दमट असली की रेंगाळतो, कधी कधी ढिम्म उभा राहतो. पंखा लावला की पुन्हा जोरात. तुझी मेंढी गिलावा उडाला की जाड होते, माझा पक्षी ढग आले की आळशी होतो. न्हावीदादा म्हणतात ते डोळ्याचं वगैरे असेलही, मला वाटतं वस्तूला बाहेरचं वारं लागलं पाहिजे, एवढंच. फुटू मात्र देऊ नकोस, आतलं द्रव विषारी आहे, लहान पोरांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही.

शंकासुर

तुम्ही दोघं उगाच तत्त्वज्ञान करताय. साधा हिशोब आहे. मेंढी तू दिवसातून ५ सेकंद बघतोस, खोकं पहिल्या आठवड्यात तासन्तास हाताळलंस. मेंढी बेडरूमच्या भिंतीवर असती तर महिन्याभरात वर चुना फासला असतास.

आणि रस्त्यावरचं सगळंच टिकतं असंही नाही. ती खडूची थ्रीडी चित्रं, कर्ट वेनर आणि ज्युलियन बीव्हर काढतात ती, फुटपाथमध्ये खोल खड्डा पडलाय आणि माणूस काठावर उभा आहे वगैरे. एका ठरावीक जागेवरून कॅमेऱ्यात बघितलं तर भन्नाट, दोन पावलं बाजूला झालं की नुसतं ओढून ताणून लांब केलेलं काहीतरी. फोटो काढला की संपलं, तुझ्या व्हॅक्यूमसारखंच. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या ओदेनप्लान स्टेशनात जिन्याला पियानो केला होता, पाय ठेवला की सूर वाजतो, सरकता जिना सोडून ६६ टक्के जास्त लोक साध्या जिन्याने गेले असा तो बनवणाऱ्या जाहिरातवाल्यांचा दावा होता. तात्पुरतंच होतं ते, म्हणून सगळ्यांना गोड आठवण आहे. रोज ऑफिसला जाताना १० वर्षं तो जिना वाजवून दाखवा मग बोलू.

माझं चॅलेंज आहे, ते खोकं घरात न ठेवता येण्याजाण्याच्या जागी ठेवून बघ. मग कळेल वस्तूत खोट आहे की जागेत.

उगाच_एक

शंकासुरा चॅलेंज आवडलं. पण ड्रॉवरवाल्याच्या दुखण्याचं मूळ वेगळं आहे. ते असं की या वस्तू विकायला काढल्या हीच गडबड.

जपानमध्ये चिंदोगु म्हणून प्रकार आहे, चिन म्हणजे विचित्र आणि दोगु म्हणजे अवजार. केंजी कावाकामी नावाच्या माणसाने १९८०च्या दशकात सुरू केला. सर्दी झाल्यावर डोक्यावर बांधायचा टॉयलेट पेपरचा रोल, बुटांना लावायच्या इवल्याशा छत्र्या, रांगणाऱ्या बाळाच्या कपड्यांना खाली मॉप शिवलेला म्हणजे बाळ रांगेल तिथली फरशी आपोआप पुसली जाईल. त्याचे १० नियम आहेत आणि त्यातले मला आवडणारे असे की वस्तू प्रत्यक्ष बनवलेली पाहिजे, नुसतं चित्र चालत नाही, तिने एक खरी अडचण खरोखर सोडवली पाहिजे, पण सोडवताना इतकी लाज किंवा इतका त्रास झाला पाहिजे की कुणी वापरणार नाही. आणि ती विकायची नाही. पेटंटही घ्यायचं नाही. गंमत म्हणूनसुद्धा विकायची नाही, विकली की ती चिंदोगु राहिली नाही, माल झाला.

आता यातली सगळ्यात मोठी फजिती ऐका. कॅमेरा काठीला लावून स्वतःचा फोटो काढायची काठी १९९५ मध्ये अशाच बिनकामाच्या शोधांच्या पुस्तकात हसण्यासाठी छापली होती. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, मिनोल्टा कॅमेरा कंपनीतल्या हिरोशी उएदाने तशी काठी खरीच बनवून पेटंट केली होती, पण चालली नाही. आणि २०१४ च्या सुमारास तीच सेल्फी स्टिक घराघरात, वर्षभरात म्युझियमवाल्यांना बंदीच्या पाट्या लावायची पाळी आली. म्हणजे आज ज्याला आपण हसतोय ते उद्या ज्याच्या त्याच्या हातात दिसेल, सांगता येत नाही.

तुझं पळणारं घड्याळ पण बघ. मूळ क्लॉकी, एमआयटीत शिकणाऱ्या गौरी नंदाने बनवलेलं, त्याला २००५ मध्ये इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल, मिळालं, तेही अर्थशास्त्राचं, कारण लोक खरंच उठले तर कामाचे तास वाढतील. तू पुस्तकांचं कुंपण घातलंस त्या दिवशी त्या अर्थशास्त्राचा निकाल लागला म्हणायचा.

अथेन्सच्या कातेरिना काम्प्रानी या आर्किटेक्टचं कामही शोधून बघ, ती मुद्दाम गैरसोयीच्या वस्तू डिझाइन करते. पावसाळी बूट पण पुढून बोटं उघडी, झारी पण तोंड स्वतःकडेच वळलेलं. मी त्या झारीचा फोटो किती वेळा बघितला असेल आणि दरवेळी हात नकळत पाणी ओतायची ॲक्शन करतो आणि मग कळतं की कुठे जाणार ते पाणी. ही झारी माझ्या घरात असती तर पहिल्याच दिवशी पाय भिजून डोकं फिरलं असतं. फोटोत आहे म्हणून टिकलीये.

ड्रॉवरवाला

अरे वा, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

सोल्डरिंगवाली ताई, बल्ब तरंगला!! ठोकळा खरंच लोखंडी रॅकवर होता, लाकडी टेबलावर ठेवला आणि तिसऱ्या प्रयत्नात जमलं. सतत पडतोय आणि सावरला जातोय हे वाचल्यापासून मीही त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतोय, कधी कधी हळूच फुंकर मारतो, बिचारा डुलतो आणि परत मध्ये येतो.

शंकासुर, पाच सेकंदांचं पटलं पण पूर्ण नाही पटलं. लिफ्टमधला आरसासुद्धा मी रोज पाचच सेकंद बघतो, त्याचं काही अप्रूप वाटत नाही. चॅलेंज मात्र घेतलं. आमच्या जिन्याच्या लँडिंगवर एक रिकामं स्टूल असतं, खोक्यात नवे सेल घालून तिथे ठेवतो.

आता एक नवीन खूळ. भिंतीवर आपणच असं काहीतरी करावं असं फार वाटायला लागलंय. पण रंग स्प्रे करून पकडलं जायची हिंमत नाही आणि चित्रकला शाळेत असतानाच सुटली. मेंढीइतकं सोपं, कुणाचं नुकसान न करणारं काय करता येईल?

खडूताई

माझ्या आयडीवरून कळलंच असेल मी काय सांगणार ते. खडू घे. न्यूयॉर्कच्या सबवेत, म्हणजे भुयारी रेल्वेत, जाहिरातींच्या जागा रिकाम्या झाल्या की वर काळा कागद लावून ठेवायचे, कीथ हॅरिंग या चित्रकाराने १९८० पासून ५ वर्षं त्या कागदांवर साध्या पांढऱ्या खडूने चित्रं काढली, एका रेघेत, गाडी येईपर्यंत आटपायचं. तो पुढे एवढा मोठा झाला ते तिथूनच. (तरी त्यालाही पोलिसांनी धरलं होतं, खडू म्हणजे परवाना असं समजू नकोस.)

पण चित्र येत नसेल तर माझं ऐक, पावसाचं चित्र कर. सिॲटलच्या पेरेग्रिन चर्च या मुलाने हे लोकप्रिय केलं. पाणी न धरणारा कोटिंगचा स्प्रे मिळतो, तो स्टेन्सिलमधून काँक्रीटवर मारायचा. वाळला की काहीच दिसत नाही. पाऊस पडला की आजूबाजूचं काँक्रीट भिजून काळपट होतं आणि स्प्रे मारलेला भाग कोरडा राहून फिका दिसतो, चित्र उगवल्यासारखं वर येतं. पाऊस थांबून वाळलं की परत गायब. २०१६ मध्ये बॉस्टनमध्ये फुटपाथांवर अशा कविताच लिहिल्या होत्या, पाऊस पडला की कविता. ज्या दिवशी सगळे वैतागून मान खाली घालून चालतात नेमका त्याच दिवशी खाली काहीतरी वाचायला.

करताना काय बघायचं ते सांगते, मी दोनदा चुकलेय. काँक्रीट पूर्ण वाळलेलं हवं, आदल्या दिवशी झाडून धुऊन घ्यायचं, धूळ असली की कोटिंग धुळीबरोबरच निघून जातं. स्टेन्सिल जाड प्लास्टिकच्या शीटचं काप, आणि अक्षर असेल तर लक्षात ठेव की ठ किंवा घ च्या पोटातला तुकडा कापल्यावर सुटून पडतो, त्याला बारीक पट्टीने बाहेर जोडून ठेवावं लागतं, नाहीतर ठ चा नुसता भरीव गोळा होतो. माझा झाला होता. दोन पातळ हात मार, एक जाड नको. तोंडाला मास्क, उघड्यावरच, वाऱ्याच्या दिवशी नाही. गुळगुळीत फरशीवर अजिबात मारू नकोस, तिथे चित्रही उठत नाही. आधी कोपऱ्यात तळहाताएवढा तुकडा करून पाणी ओतून बघ. काही महिन्यांत पायांनी झिजून जातं, त्यामुळे कुणाचं कायमचं काही बिघडत नाही, तरी ज्याची जागा आहे त्याला विचारून कर.

दुसरा प्रकार म्हणजे उलटं ग्रॅफिटी, रंग लावायचा नाही, मळ पुसायचा. पुसून उरलेल्या मळाचंच चित्र. २००६ मध्ये साओ पाउलोच्या एका बोगद्याच्या भिंतींवर गाड्यांच्या धुराची काजळी साचली होती, अलेक्झांद्रे ओरियनने नुसत्या फडक्याने ती पुसत पुसत हजारो कवट्या काढल्या. पोलीस येऊन थांबवायचे पण करणार काय, भिंत साफ करणं हा गुन्हा कसा लावायचा? मग पालिकेने माणसं पाठवून धुवायला सुरुवात केली, तर सुरुवातीला त्यांनी फक्त कवट्या होत्या तेवढीच भिंत धुतली!! म्हणजे जी आधीच अर्धी साफ होती तीच परत. शेवटी आख्खा बोगदा धुवावा लागला. मला तर वाटतं कवट्यांपेक्षा ते धुणंच जास्त चांगलं चित्र होतं.

आणि असलंच पाणी न धरणारं कोटिंग बदला घ्यायलाही वापरतात बरं. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली भागात लोक भिंतींवर लघवी करून वैताग आणायचे, २०१५ मध्ये तिथल्या रहिवाशांनी भिंतींना पाणी न धरणारा रंग फासला आणि पाटी लावली. जो करेल त्याच्याच बुटांवर परत. याला गॅजेट म्हणायचं की स्ट्रीट आर्ट ते तुम्हीच ठरवा, माझ्या मते वरच्या सगळ्या यादीतलं पहिल्या नंबरचं.

रिकामा_न्हावी

ताई लघवीवाली भिंत एक नंबर 😂

गॅजेट की स्ट्रीट आर्टवरून आठवलं, बँक्सी या भिंती रंगवणाऱ्या कलाकाराने दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसवलं होतं की. ऑक्टोबर २०१८, लंडनमध्ये सदबीजचा लिलाव, फुगा सुटलेल्या मुलीचं चित्र विकलं गेलं, हातोडा पडला आणि फ्रेमच्या आतून मोटार चालू होऊन चित्र खालून पट्ट्या पट्ट्या होऊन बाहेर यायला लागलं. फ्रेममध्ये श्रेडर लपवला होता. पण अर्ध्यावर अडकला. आता गंमत बघ, पूर्ण फाटलं असतं तर कॅनव्हासच्या पट्ट्या राहिल्या असत्या, अर्ध्यावर अडकलं म्हणून नवीन नाव मिळालं आणि २०२१ मध्ये ते आधीच्या सुमारे १८ पट बोलीला गेलं. बिघडलेल्या गॅजेटने एवढं कमावलेलं दुसरं उदाहरण नसेल.

विचारून कर म्हणतात त्यालाही जोड देतो. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ म्हणून जुनी फॅक्टरी होती, मालकाच्या परवानगीने कलाकारांनी ती आख्खी रंगवली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये एका रात्रीत मालकाने सगळ्यावर पांढरा रंग मारला. कलाकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७ लाख ५० हजार डॉलर भरपाईचा निकाल लागला. उलट ब्लू नावाच्या इटालियनने २०१६ मध्ये बोलोन्यातली स्वतःचीच २० वर्षांची चित्रं राखाडी रंगाने झाकून टाकली, रस्त्यावरची चित्रं काढून म्युझियममध्ये मांडताहेत या रागात. दोन्हीकडे भिंत कोरीच झाली.

शंकासुर

ते सगळं राहू दे. खोक्याचं काय झालं? महिना होत आला.

ड्रॉवरवाला

आलो आलो. पावसाचं चित्र आधी सांगतो. सोसायटीत विचारलं, गेटच्या आतल्या काँक्रीटवर करा म्हणाले. मेंढीच केली, ठ नको म्हणून. पाऊस नव्हता म्हणून रात्री बादली ओतून बघितली आणि वॉचमनकाका टॉर्च घेऊन आले की एवढ्या रात्री पाणी का सांडताय. मी म्हटलं मेंढी बघायची आहे. त्यांनी टॉर्च मारली आणि खाली खरंच मेंढी. बराच वेळ दोघं काही बोललोच नाही, मग ते म्हणाले हिचा एक पाय आखूड आहे. आहेच.

आता खोकं. पहिले दोन दिवस सगळे नुसते बघून जायचे, हात कुणी लावेना, कुणाचं तरी राहिलंय असं वाटत असावं. तिसऱ्या दिवसापासून रात्री घरात बसून टकटक ऐकू यायला लागली. लहान पोरांनी शर्यत लावलीये, बोट आत जायच्या आत कोण परत बटण दाबतं त्याची. वरच्या मजल्यावरच्या आजी जिना चढताना तिथे थांबून दम घेतात आणि तेवढ्यात एकदा दाबतात. मागच्या आठवड्यात बघतो तर झाकणावर कुणीतरी कागदाचे दोन डोळे चिकटवलेत, त्यामुळे आता झाकण उघडलं की ते वर बघतं. काल बोटाला लोकरीचा इवलासा स्कार्फ होता.

शंकासुर, जागेत होती खोट, तू जिंकलास. पण थोडासाच, कारण डोळे तुझ्या हिशोबात कुठे बसतात ते मला सांग.

शंकासुर

डोळ्यांचं बघतो. सेल किती दिवस पुरतात एवढ्या वापराला?

ड्रॉवरवाला

तीच गंमत आहे. शर्यती लागताहेत म्हणजे आठवड्याच्या वर चालायला नको खरं तर. मी बदललेले नाहीत.

सोल्डरिंगवाली

मग कोण बदलतंय?

ड्रॉवरवाला

माहीत नाही. विचारलं पण नाही कुणाला.